जपानी धर्तीचे पहिले पाते मागविताना

जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुक्यांत केळीचा घड उतरविताना बोथट पाते मध्येच दगा देते. मग अर्धवट कापलेला दांडा भाराने फाटतो व फण्यांना मार लागतो. म्हणून दूरच्या कारागिराकडून, मोबाइलवरील चित्र पाहून, प्रथमच जपानी धर्तीचे पाते मागविणाऱ्याने चकाकीवर भुलू नये.

अशा पात्यात धारेला कठीण पोलाद व अंगाला मऊ लोखंड असते. दोन्ही भट्टीत तापवून, घणाने ठोकून एकजीव करतात. धार पुष्कळदा एकाच बाजूस काढलेली असते. डावखुऱ्याने तसे न कळविल्यास पाते त्याच्या हाती तिरके चालते. मागणीत लांबी, जाडी, वजन, पोलादाची जात व कापावयाचे पीक लिहावे. धुळ्याकडील ज्वारीच्या ताटांवर चालणारे पाते केळीच्या रसाळ दांड्याला सोयीचे पडेलच असे नाही.

पाणी दिल्यावर पाते पुन्हा सुमारे १५० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठिसूळपणा घालविला आहे काय, हे आवर्जून विचारावे. तसे केलेले नसल्यास खड्यावर आपटताच धारेचा तुकडा उडतो. साधे पोलाद केळीच्या चिकाने काळवंडते. तो दोष नव्हे. काम संपताच पुसून तेलाचा हात द्यावा. पाते हाती आल्यावर धारेवर कानस हलकेच फिरवून पाहावी. ती सहज रुतली, तर पाणी नीट बसलेले नाही. परत घेण्याची अट पैसे भरण्यापूर्वीच लेखी घ्यावी.

गावचा कसबी लोहारही मोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा ठोकून चांगले पाते घडवू शकतो, आणि तेथे पाणी देताना भट्टीपाशी उभे राहता येते.