नदीवरचा वाटाड्या

'चल, नदीवर मासे धरायला जाऊ,' असे म्हसवडच्या एखाद्या मुलाला कोणी म्हटले, तर तो प्रथम हसेल. त्याच्या गावची नदी म्हणजे माणगंगा. कुळकजाईच्या डोंगरात ती उगम पावते, दहिवडीवरून सिद्धनाथाच्या म्हसवडला येते, आटपाडी-सांगोल्याचा मुलूख ओलांडते आणि पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेला मिळते. भूगोलाच्या पुस्तकात तिला वाहती नदी म्हटलेले असते. पण माणदेशातील माणसाने तिचे पाणी जितके पाहिले, त्याहून तिची वाळूच अधिक पाहिली आहे. पावसाळ्यात चार दिवस ती गढूळ होऊन धावते आणि मग पुन्हा वाळवंट उघडे पडते. म्हसवडच्या खाली राजेवाडीचा मोठा तलाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या तलावात मासे असतात. परंतु तलावाचे पाणी उभे. वाहत्या पाण्याची विद्या तेथे शिकता येत नाही.

ती शिकायची तर कृष्णाकाठी जावे. टेंभूसारख्या उपसा योजनांमुळे कृष्णेचे पाणी आता आटपाडीच्या बाजूस डोंगर चढून येऊ लागले आहे. ज्या नदीचे पाणी आपल्या शिवारात येते, तिची तिच्याच काठावर ओळख करून घेणे केव्हाही चांगले. मात्र एकट्याने जाऊ नये. वडीलधारे माणूस बरोबर असावे, आणि त्याखेरीज नदी जाणणारा एक वाटाड्या असावा. भिलवडी, औदुंबर, सांगली, हरिपूर या पट्ट्यात असा वाटाड्या म्हणजे बहुधा भोई. पिढ्यान् पिढ्या नाव आणि जाळे हेच त्याच्या घराचे धन. तुम्ही त्याला 'मामा' म्हणाल. तो तुम्हाला 'बाळांनो' म्हणेल आणि पहिलीच आज्ञा करील ती गप्प बसण्याची.

ही आज्ञा उगीच नसते. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा गेलेली असते. पाण्यातील थरथर त्याला या रेषेने कळते. काठावर कोणी पाय आपटला, तर जमिनीतून तो धक्का पाण्यात उतरतो आणि मासा सावध होतो. बोलण्यापेक्षा धावण्याचे भय अधिक. तुमची सावली पाण्यावर पडली तरीही तो दूर सरतो. म्हणून ऊन पाठीवर घेऊन काठाशी उभे राहण्याची हौस भोई पुरवू देत नाही. तो तुम्हाला झुडपाच्या आडोशाला बसवतो. वेळही त्याचीच चालते. तांबडे फुटण्यापूर्वी घर सोडावे लागते, कारण उन्हे चढली की मासा खोल पाण्यात उतरतो आणि आमिषाकडे फारसे लक्ष देत नाही.

साहित्य अगदी साधे असते. बांबूची लवचीक काठी, दोर, दोराच्या टोकाशी गळ आणि गळ बुडावा म्हणून शिशाची एक लहानशी गोळी. मासा लागल्याची खूण कळावी म्हणून दोराला वर काहीतरी तरंगते बांधतात. त्यासाठी मोराच्या पिसाची दांडी चालते, पण ज्वारीच्या ताटातील भेंडाचा तुकडाही तितकाच उपयोगी पडतो. म्हणजे हे सामान माणदेशात मुबलक! आमिष म्हणून गांडूळ किंवा मळलेल्या कणकेची गोळी. इतके झाले की मुलांना वाटते, आता गळ टाकायचाच अवकाश. येथेच वाटाड्याचे खरे काम सुरू होते. तो गळ टाकत नाही. काठाने चालू लागतो आणि पाणी पाहू लागतो.

पाणी पाहणे म्हणजे काय, हे नवख्याला प्रथम कळत नाही. त्याला सगळीकडे एकच पाणी दिसते. भोयाला मात्र त्यात घरे, रस्ते आणि बाजार दिसतात. जेथे पाणी खडकांवरून खळाळत उतरते, तेथे हवा पाण्यात मिसळते. उन्हाळ्यात नदी रोडावली की मासे अशा जागेच्या आसपास राहतात. खळाळ संपून डोह सुरू होतो तेथे पाण्याचा रंग एकाएकी काळसर होतो. वेगवान आणि संथ पाण्याच्या मध्ये, नीट पाहिल्यास, एक रेघ दिसते. या रेघेच्या संथ बाजूस मासा उभा असतो. प्रवाहाशी झगडण्याचे श्रम त्याला पडत नाहीत आणि प्रवाहाने आणलेले अन्न मात्र तोंडाजवळून जाते. मोठ्या दगडाच्या मागे असाच आसरा असतो. काठाच्या कपारीत वाम, चिखलाच्या तळाशी शिंगाळा, गवताळ उथळ पाण्यात मरळ, अशी ज्याची त्याची वस्ती ठरलेली. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या रोज येऊन बसत असेल, तर खाली लहान मासळी आहे हे त्या पक्ष्यानेच सांगून ठेवलेले असते. पुस्तक वाचणाऱ्याला जशी अक्षरे वेगळी दिसत नाहीत, अर्थच दिसतो, तसे भोयाचे होते. 'हे तुम्हाला कसे कळले?' असे विचारले तर त्याला चटकन उत्तर देता येत नाही.

आणि तो काही ठिकाणी तुम्हाला मुळीच जाऊ देणार नाही. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत. हिवाळ्यात त्या वाळूवर ऊन खात पडतात. उन्हाळ्याच्या सुमारास काठच्या वाळूत घरटे करून अंडी घालतात आणि त्या काळात अधिकच सावध असतात. माणसे त्यांच्या तावडीत सापडून प्राणास मुकल्याच्या घटना येथे घडल्या आहेत. वाळूवर ओढत गेल्यासारखा रुंद चर आणि दोन्ही बाजूंना पंज्यांचे ठसे दिसले की भोई मुकाट्याने मागे फिरतो. 'मामा, थोडे पुढे जाऊ या की,' असा हट्ट त्या वेळी धरू नये. घोट्याहून अधिक पाण्यात उतरायचे झाल्यास त्याची परवानगी घ्यावी, आणि त्याने 'नको' म्हटल्यास कारणही विचारत बसू नये. कारण नंतर विचारता येते.

एवढे करून मासा मिळतो का? पुष्कळदा मिळत नाही. तीन तास भेंडाच्या तुकड्याकडे पाहत बसावे आणि तो हलूच नये, असा दिवस नव्या माणसाच्या वाट्याला हमखास येतो. ज्याला टोपली भरून आणायची असेल त्याने बाजारात जावे. कधी मात्र तो तुकडा एकदा थरथरतो, दुसऱ्यांदा थरथरतो आणि एकदम पाण्याखाली जातो. अशा क्षणी नवखा मनुष्य काठी जोराने उपसतो आणि आमिष गमावतो. भोई मनगटाला फक्त एक हिसका देतो. शिंगाळा लागला तर तो स्वतःच सोडवून देतो, कारण त्याच्या कल्ल्यामागचे व पाठीवरचे काटे हाताला फार वाईट लागतात.

लहान मासा लागला तर तो परत सोडायचा असतो, आणि सोडण्याचीही रीत आहे. हात आधी ओले करावेत; कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग जडतात. मासा पाण्यात प्रवाहाच्या उलट दिशेने तोंड करून अलगद धरावा. कल्ल्यांतून पाणी वाहू लागते, त्याला हुशारी येते आणि तो आपणहून हातातून निघून जातो. फेकून देऊ नये.

गळाच्या या खेळात ज्या माशाचे नाव सर्वांत आदराने घेतात तो महसीर. ओठ जाड, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि खवले मोठमोठे. स्वच्छ, खडकाळ, वाहते पाणी त्याला लागते. दख्खनच्या महसीराचे वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले आणि ते 1839 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने दिलेले 'खुदरी' हे नाव आजही शास्त्रात चालते. 'कोळस' आणि नाकावर गाठ असलेला 'नुकता' यांचीही नावे त्याने अशीच शास्त्रात नेली. नदीकाठच्या लोकांच्या तोंडचे शब्द जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे धरणे झाली, पाणी अडले, आणि या माशाच्या वाटा तुटल्या. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 नंतरच्या दशकात महसीराची पिले वाढवण्याचे केंद्र सुरू केले आणि तेथील पिले अनेक जलाशयांत सोडली गेली. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडात तर कोणी केंद्र काढलेले नाही. तेथे वरदायिनी देवीच्या नावाने डोहातील मासे राखलेले आहेत. यात्रेकरू त्यांना कुरमुरे घालतात. धरत मात्र कोणी नाही.

वाटाड्याबरोबर गळाने मासे धरण्याची प्रथा ज्या नदीवर विशेष नावारूपास आली ती कर्नाटकातील कावेरी. 1946 साली तिच्या काबिनी या उपनदीत व्हॅन इंजन नावाच्या गृहस्थांनी 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर गळाने धरला होता. पुढे भीमेश्वरी येथे गळकऱ्यांसाठी तळ उभारले गेले. तेथे नियम असा, की धरलेला मासा वजन करून परत नदीत सोडायचा. वेताच्या गोल नावेतून पाहुण्यांना नेणारे वाटाडे आसपासच्या खेड्यांतलेच होते, आणि पूर्वी चोरून मासे मारणारे काही जण त्यांच्यात होते! जिवंत माशामुळे रोज मिळतो हे कळल्यावर तेच त्याचे राखणदार झाले. नंतर वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यान्वये अभयारण्यातील हा खेळ थांबवण्यात आला. त्याच कावेरीत बाहेरून आणलेला आपला दख्खनी महसीरही सोडण्यात आला होता. हेतू चांगला होता. पण पाहुणा बळावला आणि कावेरीखेरीज अन्यत्र कोठेही नसलेला तेथील कुबड्या महसीर हटत गेला. 2018 मध्ये त्याचे शास्त्रीय नाव निश्चित झाले आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत त्याची नोंद करावी लागली. एका नदीचे औषध दुसऱ्या नदीला तसेच लागू पडत नाही.

आपल्या कृष्णेलाही दुखणी आहेतच. 2023 च्या मार्च महिन्यात सांगलीजवळ नदीत असंख्य मासे मरून तरंगले. मळीसारखे सांडपाणी नदीत मिसळले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तोंड वर काढून श्वासासाठी धडपडतात. रोज नदीवर असणाऱ्या भोयाला ही धडपड सर्वांच्या आधी दिसते. अशा दिवशी तो गळ टाकत नाही आणि दुसऱ्यालाही टाकू देत नाही. त्या पाण्यातला मासा घरी नेऊ नये, हे तो बजावून सांगतो.

आणखी एक काळ असा आहे, की त्या वेळी नदीवर जाऊनही गळ घरी ठेवावा. पहिला मोठा पाऊस झाला की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ओढ्यांच्या तोंडाशी, बंधाऱ्यांच्या सांडव्यावर ते उड्या मारत असतात आणि अशा वेळी ते हातानेही सापडतात. म्हणून लोक टोपल्या घेऊन धावतात. पण त्या प्रत्येक मादीच्या पोटात पुढच्या वर्षाची मासळी असते. जाणता भोई त्या दिवशी मुलांना मासे धरायला नेत नाही, पाहायला नेतो. ओढ्याच्या काठी दगडावर बसवून तो हाताने दाखवतो. गढूळ पाण्यातून एक चांदीसारखी रेघ वर उसळते, दगडावर आपटून मागे पडते, क्षणभर दिसेनाशी होते आणि पुन्हा त्याच जागी, थोडी अधिक उंच, उसळते.