अंगदुखी : प्रत्येक वेळी वातच असतो का?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहून मान, खांदे व कंबर धरलेली असते. ‘वात भरला’ असे म्हणून ती अंगावर काढली जाते. बहुतेकांची दुखणी विश्रांतीने थांबतातही. तथापि साठी उलटलेल्या व्यक्तीला पहाटे कूस बदलता येत नाही, दोन्ही हात डोक्यापर्यंत जात नाहीत आणि हा ताठरपणा तासभर टिकतो, तेव्हा श्रमाखेरीज अन्य कारण शोधणे अगत्याचे ठरते.

या लक्षणसमूहास ‘पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका’ हे नाव स्टुअर्ट बार्बर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ मध्ये दिले. पन्नाशीपूर्वी हा विकार सहसा होत नाही. नाव स्नायूंचे असले, तरी दाह मुख्यतः सांध्यांच्या अस्तरात व खांद्या-खुब्यांभोवतीच्या द्रवपिशव्यांत असतो. रक्ताच्या तपासणीत ईएसआर वाढलेला दिसतो. याचाच सोबती म्हणजे कानशिलाच्या धमनीचा दाह. कानशील ठणकते, केस विंचरताना डोके दुखते, घास चावताना जबडा भरून येतो. उपचारास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाते. हे दोन्ही विकार उत्तर युरोपात अधिक, आपल्याकडे विरळ आहेत. जो रोग विरळ, त्याचे सोंग घेणारे रोगच दवाखान्यात अधिक भेटणार, हे उघड आहे.

त्यांत पहिला मान क्षयरोगाचा. मणक्याच्या क्षयात पाठ आखडते, वजन घटते, सायंकाळी बारीक ताप येतो आणि ईएसआरही वाढतो. शेळ्या-म्हशी पाळणाऱ्या व कच्चे दूध पिणाऱ्या कुटुंबांत ब्रुसेलोसिसचा विचार करावा लागतो. वृद्धांत हाडांच्या मगजाचा कर्करोग अशाच वेदनांनी प्रकट होतो. चिकुनगुन्याचा ताप उतरल्यावरही सांधे महिनोन्‌महिने दुखतात; सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने १९७३ मध्ये त्याची साथ अनुभवली, तर २००६ मध्ये राज्यात पुन्हा मोठी साथ आली. थायरॉइडच्या न्यूनतेत स्नायू दुखतात व जड होतात. ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी झाल्यास जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो. या शेवटच्या दोन विकारांत ईएसआर बहुधा वाढत नाही. मात्र रक्तक्षयानेही तो वाढतो, म्हणून केवळ या एका आकड्यावर निदान बेतता येत नाही.

जिल्ह्यातील स्त्रियांचा प्रश्न निराळा आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे आढळले. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले असल्यास पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, अंग ठणकते व हाडे विरळ होतात. अशा स्त्रीच्या दुखण्यास वात म्हणणे म्हणजे मूळ कारण झाकणे होय. याउलट एखाद्या तरुण स्त्रीचा हात कामात लवकर भरून येत असेल, तर दोन्ही मनगटांची नाडी व दोन्ही दंडांचा रक्तदाब पाहावा. जपानी नेत्रतज्ज्ञ टाकायासू यांनी १९०८ मध्ये वर्णिलेला मोठ्या धमन्यांचा दाह भारतात आढळतो आणि त्यात नाडी क्षीण होते.

सर्वांत मोठा चकवा स्टेरॉइडचा आहे. पॉलिमायल्जियात त्याच्या अल्प मात्रेने काही दिवसांतच आराम पडतो. परंतु इतर अनेक वेदनाही त्याने तात्पुरत्या शमतात. तेव्हा आराम पडला म्हणजे निदान बरोबर ठरले, असे नव्हे. दडलेल्या क्षयरुग्णास ते नुसतेच दिल्यास रोग फोफावतो. म्हणून आधी छातीची क्ष-किरण तपासणी, रक्त व लघवीची तपासणी व्हावी. ग्रामीण रुग्णालयात उलगडा न झाल्यास अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. याला अपवाद एकच : कानशील ठणकून नजर अंधुक झाली असेल, तर तपासण्यांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार सुरू व्हावा लागतो.

दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविल्यास ग्लानी येते आणि पुन्हा तशीच अंगदुखी उद्भवते. फडावर निघालेल्या रुग्णाने गोळीचे नाव, मात्रा व सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद जवळ ठेवावा. परजिल्ह्यातील डॉक्टरांना ही पूर्वपीठिका सांगणारे तेथे दुसरे कोणी नसते.