मोटारसायकलच्या दुरुस्तीसाठी घरगुती घोडी व विकतचे स्टँड

पूर्वी बैलगाडीने होणारी शेतावरील अनेक किरकोळ कामे आज मोटारसायकलीने केली जातात. संकलन केंद्रावर दूध पोहोचविणे, खताची गोणी आणणे, भाजीपाल्याचे क्रेट बाजारात नेणे या कामांत गाडीवर तिच्या शक्तीच्या मानाने पुष्कळ भार पडतो. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले म्हणजे केवळ दुधाचेच वजन ८२ किलोग्रॅमच्या आसपास होते. अशा वापरात चेन लवकर सैल पडते, ब्रेकचे लायनर झिजते आणि टायरही वारंवार काढावे लागते. ही कामे शेतकरी बहुधा घरच्या घरी उरकतो आणि त्यात पैशाची व वेळेची बचत होते हे खरे आहे.

परंतु बैलगाडीचे चाक काढताना आसाखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय हात न घालणारा शेतकरीच मोटारसायकल मात्र दोन विटांवर किंवा एखाद्या दगडावर टेकवून खाली बसतो, असे पुष्कळदा आढळते. शंभर ते सव्वाशे घनसेंटीमीटरच्या साध्या गाडीचे वजन सुमारे ११० ते १२५ किलोग्रॅम असते. ती अंगावर कलंडल्यास पायाचे हाड मोडते, पेट्रोल सांडते आणि ऐन हंगामात घरातील एक कर्ता माणूस अंथरुणास खिळतो. यास्तव गाडी उभी करण्याच्या साधनांचा थोडा विचार करणे इष्ट होय.

उभ्या गाडीचा तोल

कोणत्याही वस्तूचा तोल दोन गोष्टींवर अवलंबून असतो. तिचा पाया किती रुंद आहे ही एक आणि तिचे वजन किती उंचीवर आहे ही दुसरी. समजा, १२० किलोग्रॅम वजनाची गाडी मधल्या स्टँडवर, म्हणजे बोलभाषेतील डबल स्टँडवर, उभी आहे. स्टँडच्या दोन पायांत ३० सेंटीमीटर अंतर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटीमीटर उंच आहे. बैठकीपाशी, म्हणजे ८० सेंटीमीटर उंचीवर, बाजूने २२ ते २३ किलोग्रॅम बळ लागताच ती कलंडू लागेल. पायांतील अंतर ४५ सेंटीमीटर केल्यास त्याकरिता सुमारे ३४ किलोग्रॅम बळ लागेल. उलट, तेच ३० सेंटीमीटरचे अंतर ठेवून गाडी ६० सेंटीमीटर उंच केली, तर बैठकीवर अवघे १३ किलोग्रॅम बळ तिला पाडण्यास पुरेल. एवढा धक्का खेळणाऱ्या मुलाकडून किंवा सुटलेल्या वासराकडूनही सहज बसू शकतो.

यावरून पहिला नियम असा निघतो की, कामापुरतीच उंची द्यावी आणि उंची वाढवावयाची तर पायाही त्या प्रमाणात रुंद करावा.

घरगुती घोडी

गाडीस मधला स्टँड असल्यास मागील चाकाच्या बहुतेक कामांस तो पुरेसा असतो. नव्या काही गाड्यांना केवळ साइड स्टँड असतो. अशा गाडीकरिता गावातील वेल्डिंगच्या दुकानात मागील चाकाची घोडी करून घेता येते. चाळीस मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी नळीची, तीन बाजूंनी बंद व पुढील बाजूस उघडी अशी चौकट करावी आणि तिच्या दोन उभ्या भुजांवर चाक धरणारा चिमटा टेकेल असे खोबणीचे आधार बसवावेत. आधारांवर जुन्या ट्यूबचे रबर गुंडाळावे, म्हणजे चिमटा घसरत नाही व त्याचा रंगही जात नाही. चौकटीची रुंदी ४० सेंटीमीटरहून कमी नसावी.

पुढील चाक काढावयाचे असल्यास इंजिनाखाली लाकडी ठोकळा देण्याची पद्धत सोपी आहे. बाभळीचे किंवा तत्सम कठीण लाकूड घ्यावे. ठोकळ्याचा तळ माथ्यापेक्षा रुंद असावा. काही गाड्यांत इंजिनाखालून चौकटीच्या नळ्या गेलेल्या असतात. तेथे ठोकळा त्या नळ्यांखाली द्यावा. जेथे अशा नळ्या नसतात तेथे ऑइल काढण्याचा बोल्ट, सायलेन्सरची नळी आणि इंजिनाचे पातळ आवरण यांवर भार पडू देऊ नये. आवरण ॲल्युमिनियमचे असल्याने ते तडकते. विटा कधीही वापरू नयेत. वीट पूर्वसूचना न देता फुटते.

नवी घोडी प्रत्यक्ष वापरण्यापूर्वी तिची परीक्षा घ्यावी. संपूर्ण गाडीचा भार घेणारी घोडी असल्यास तिच्यावर ५० किलोग्रॅमची सिमेंटची पाच पोती रात्रभर ठेवावीत. सकाळी पाय फाकलेले किंवा सांध्यास चीर गेलेली दिसल्यास ती घोडी वापरू नये.

गोठ्याच्या तुळईस दोर बांधून गाडी टांगण्याची युक्ती कोठे कोठे योजली जाते. ती टाळावी. छपराचा भार घेण्याकरिता बसविलेली तुळई हा आणखी भार सोसेलच असे नाही.

विकतची साधने

बाजारात मागील व पुढील चाकाचे पॅडॉक स्टँड, कात्री जॅक, हायड्रॉलिक जॅक आणि गाडी संपूर्ण वर उचलणारे लिफ्ट टेबल अशी साधने मिळतात. लिफ्ट टेबलावर पुढील चाक पकडण्याची पकड असते व पायाने दांडा दाबून टेबल वर घेता येते. रोज अनेक गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजला ते उपयुक्त आहे. एका गाडीच्या शेतकऱ्यास त्या खर्चाची आवश्यकता नाही. दोन्ही पॅडॉक स्टँड वापरावयाचे असल्यास मागील स्टँड प्रथम लावावा व पुढील स्टँड नंतर. उतरविताना क्रम उलटा ठेवावा.

हायड्रॉलिक जॅकमध्ये सर्व भार तेलाच्या दाबावर असतो. आतील रबरी वायसर झिजला किंवा झडपेत कचरा अडकला तर जॅक हळूहळू अथवा एकदम खाली बसतो. म्हणून जॅक उचलण्यासाठी वापरावा, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडी वर येताच खाली घोडी द्यावी किंवा साधनास अडकणीची खीळ असल्यास ती घालावी व मगच हात घालावा. खरेदीच्या वेळी साधनावर कोरलेली भारक्षमता पाहावी; ती गाडीच्या वजनाच्या दुप्पट तरी असावी.

कामाचा क्रम

१. कॅन, पिशव्या व इतर ओझे प्रथम उतरवावे.

२. जागा सपाट व टणक निवडावी. काळ्या मातीत किंवा सारवलेल्या जमिनीत स्टँडचे पाय रुततात. तेथे शहाबादी फरशी अथवा जाड फळी खाली घालावी.

३. चाकाच्या आसाचा घट्ट नट गाडी जमिनीवर असतानाच थोडा सैल करावा. अशा नटासाठी पान्यावर २० ते ३० किलोग्रॅम बळ सहज लावले जाते आणि त्या झटक्याने उचललेली गाडी स्टँडवरून उतरू शकते.

४. पुढील चाक काढले की वजन मागे झुकते व मागील चाक काढले की पुढे झुकते. यास्तव जे चाक जमिनीवर राहील त्यास दोन्ही बाजूंनी गुटके लावावेत व गाडी दोराने भक्कम खुंटास बांधावी.

५. चेन साफ करताना वा तिला ऑइल देताना इंजिन बंद असावे, गिअर न्यूट्रलमध्ये असावा व चाक हाताने फिरवावे. गाडी स्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनवर फडके धरण्याची सवय अत्यंत घातक आहे. फडके चेनमध्ये ओढले जाते व त्याबरोबर बोटे दातेरी चक्रात सापडून तुटतात.

६. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. जवळपास चूल, विडी किंवा वेल्डिंगचे काम नसावे.

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत उचलण्याच्या जागा व चेनचा योग्य ढिलेपणा दिलेला असतो. तो पाहून घ्यावा. साधन घरी केलेले असो वा विकत आणलेले, त्याची किंमत त्याच्या झिलईवरून ठरवू नये. रुंद पाया, परीक्षा घेतलेली ताकद आणि हात घालण्यापूर्वी दिलेला पक्का आधार या तीन गोष्टी सांभाळणारा शेतकरी आपली गाडी आणि आपले हातपाय, दोन्ही सुस्थितीत राखू शकेल.