ऊतकांना रक्तपुरवठा कसा मिळतो?

झाशीच्या जुन्या तटाला ओरछा, खंडेराव, दतिया, लक्ष्मी इत्यादी अनेक दरवाजे आहेत. अशी कल्पना करा की, त्यांपैकी एकटा ओरछा दरवाजा उघडा असून शहराचे सर्व धान्य त्याच वाटेने येत आहे. अन्य वाटा मोकळ्या होण्यापूर्वी तो बंद केला, तर शहराची उपासमार होईल. त्या मोकळ्या झाल्यावर मात्र तो बंद केला तरी चालेल. शरीरातील ऊतकांची, म्हणजे समान कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहांची, स्थितीही अशीच असते. याचे एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्याकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या कैदेत त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात प्रसिद्ध झाला.

प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरीत व त्याभोवती रेषा आखीत. त्या मापाची कातडी सोलून खाली वळवीत. पण दोन्ही डोळ्यांच्या मधोमध तिची एक अरुंद पट्टी न कापता ठेवीत. ही पट्टी म्हणजेच तो एकमेव उघडा दरवाजा होय. ती सुमारे पंचविसाव्या दिवशी कापीत.

मधल्या काळात काय घडते? केशवाहिनीपासून साधारणपणे ०.१ ते ०.२ मिलिमीटरपेक्षा दूर असलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. एरवी पेशीतील एक विशिष्ट प्रथिन तयार होताच नष्ट केले जाते; प्राणवायू कमी पडला की ते साचू लागते. त्याच्या प्रभावाने पेशी वृद्धिघटक नावाचे पदार्थ बाहेर सोडते. या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ व केलिन यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वृद्धिघटकांचा संदेश पोचताच शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातील एखादी पेशी पुढे सरकते आणि तिच्यामागील पेशींचे विभाजन होऊ लागते. झाडाला धुमारा फुटावा तसा वाहिनीला कोंब फुटतो. तो आतून पोकळ होतो, दुसऱ्या कोंबास मिळतो आणि त्यातून रक्त वाहू लागते. मग बाहेरून अन्य पेशी येऊन त्याच्या भिंतीला बळकटी देतात. ज्या वाहिन्यांतून रक्त वाहत नाही, त्या बहुधा कालांतराने नाहीशा होतात.

जखम भरताना हीच क्रिया घडते. परंतु कर्करोगाची गाठही याच मार्गाने आपले पोषण मिळविते, असा सिद्धांत जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. त्यामुळे या वाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे आज कर्करोगावर वापरली जातात.

कपाळाच्या कातडीने नाक घडविताना आजचे शल्यचिकित्सकही ती पट्टी कापण्यापूर्वी सामान्यतः सुमारे तीन आठवडे थांबतात. पुण्याजवळच्या त्या कारागिराला केशवाहिन्या ठाऊक नव्हत्या. परंतु किती दिवस थांबावे, हे अनुभवाने त्याला नेमके समजले होते.