इंजिनिअरिंगच्या पोराकडून सॉफ्टवेअर करून घेताय?

व्हिडिओत घाईत राहिलेलं इथे सांगतो. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ पासून आहे, नंतर आणखीही कॉलेजं आली. कॉम्प्युटरची पोरं बी.टेक.च्या चौथ्या वर्षी प्रोजेक्टला विषय शोधतात. तुमच्या दुकानाचा स्टॉक द्या की! डेटाबेस ती शिकलेली असतात. पण उधारी, परत आलेला माल त्यांना कोण सांगणार? एक अख्खा दिवस गल्ल्याशेजारी बसवा.

माझी चूक ऐका. जुळे सोलापुरातल्या माझ्या दुकानासाठी एकाने झकास प्रोग्रॅम केला (कॉलेजचं नाव नको), पास झाला, पुण्याला गेला. ऐन दिवाळीत कॉम्प्युटर बसला. बॅकअप नाही, पासवर्ड त्याच्याकडे. उधारीची वही बायकोने चालू ठेवली होती, म्हणून वाचलो. सोर्स कोड, पासवर्ड आणि बॅकअप कसा घ्यायचा, हे तिन्ही सबमिशनच्या आधी हातात घ्या. नंतर पोरगं फोन उचलत नाही. त्याची तरी काय चूक, नवी नोकरी असते!