बिघाड गाडीत, पुरावा कागदात

गाडी विकताना 'आपल्या फॅमिलीत स्वागत आहे' म्हणणारी माणसं आणि गिअरबॉक्सने मान टाकल्यावर 'आमच्या टेस्टमध्ये तसं काही आढळलं नाही' म्हणणारी माणसं एकाच छपराखाली बसतात, हे पटायला वेळ लागतो. मी हे सोसलेलं आहे. राग आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. डीलरचं नाव मात्र घेत नाही, कारण गाऱ्हाणं एका डीलरपुरतं नाही. कोऱ्या गाडीत मोठा बिघाड निघाला, तर आपल्याकडे तो दोष ग्राहकाने सिद्ध करायचा असतो. आणि ज्या कागदांवरून तो सिद्ध व्हायचा, ते कागद कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, तिच्याच माणसांच्या हातून तयार होतात. सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो.

वर्कशॉपची भाषा नीट ऐका, म्हणजे तो खेळ कळेल. तुम्ही सांगता, 'चढावर गाडी एकदम ताकद सोडते, दिवा लागतो आणि गिअर अडकतो.' जॉबकार्डावर येतं, 'जनरल चेकअप.' तुम्ही म्हणता, 'गाडी टो करून आणली.' कार्डावर येतं, 'कस्टमर कन्सर्न, पिकअप कमी.' संध्याकाळी सॉफ्टवेअर अपडेट मारून गाडी परत मिळते आणि शेरा असतो, 'ट्रायल घेतली, ओके.' पुढच्या खेपेला तोच बिघाड पुन्हा नवा म्हणून नोंदला जातो. मग कधीतरी हळूच सुचवलं जातं की तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवत असाल, पुण्याच्या सूस खिंडीतल्या गर्दीत असं होतंच. माझा खरा संताप या वाक्यावर आहे. याच खिंडीतून, याच गर्दीतून हजारो गाड्या रोज जातात. त्यांचे गिअरबॉक्स महिन्याभरात उतरवावे लागत नाहीत. आणि चूक चालवणाऱ्याची असेल, तर ती कार्डावर लिहून खाली सही करायला कोणी का तयार नसतं?

कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण अर्धाच. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची व्याख्या बरीच रुंद आहे, आणि दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, व्याजासह पैसे परत करणं, यांपैकी काहीही फर्मावण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. प्रत्यक्षात गाडी बदलून मिळणं अवघड, कारण कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा हा २००६ चा निकाल पुढे करतो. वॉरंटी म्हणजे सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी, अख्खी गाडी बदलण्याची नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात धरलं. फियाटच्या एका गाडीबाबत २०१० मध्ये याच न्यायालयाने निराळी वाट दाखवली. इंजिन बदलूनही आवाज जात नसल्याची ती तक्रार होती. स्वतंत्र तज्ज्ञाने मूळचाच उत्पादनदोष असल्याचं सांगितलं, तर ग्राहकाला किंमत व्याजासह परत मिळेल, असा तो आदेश होता. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते तज्ज्ञाच्या अहवालावर. आता सूसमध्ये राहणाऱ्याने असा तज्ज्ञ आणायचा कुठून? चाकणला, पिंपरीला मोटारींचे कारखाने, वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था, आणि सोसायटीत मजल्यागणिक इंजिनिअर. तरीही स्वतःच्या गाडीचा दोष लेखी सांगणारा माणूस मिळत नाही. या उद्योगावर ज्याचं घर चालतं, तो त्याच्याविरुद्ध सही कशाला करील?

काही जण विचारतात, 'फुकट दुरुस्त करून देतात ना, मग ओरड कसली?' ओरड अशी, की जुन्या गाडीची दुरुस्ती आणि कोऱ्या गाडीची दुरुस्ती यांत फरक आहे. मी पैसे मोजले ते न उघडलेल्या इंजिनाचे. गाडी वर्कशॉपमध्ये उभी असली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, आणि विमा कितीही 'बंपर टू बंपर' असला तरी नुसता यांत्रिक बिघाड त्यात बसत नाही. शिवाय गिअरबॉक्स उतरवलेली गाडी विकायला काढा, म्हणजे 'फुकट' दुरुस्तीची किंमत कळेल. दुसरा आक्षेप असा, की सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकला तर खोट्या तक्रारींचा पूर येईल. पण अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्येच नियम केला: वॉरंटीच्या ठरलेल्या काळात तोच दोष चार प्रयत्नांत गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीत अडकली, तर ती बदलून द्या किंवा पैसे परत करा. पुढे सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारता येते आणि पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातलाच मानला जातो. तसा नसल्याचं विक्रेत्याने दाखवायचं. या देशांतला मोटारधंदा त्यामुळे बुडाला नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहनं परत मागवण्याची सक्ती करता येते, पण त्यासाठी तुमच्यासारखे पुरेसे तक्रारदार लागतात. एकट्याची गाडी एकट्याचीच राहते.

म्हणून कायदा बदलेपर्यंत पुरावा आपणच उभा करायचा. जॉबकार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या. 'जनरल चेकअप'वर सही करू नका. गाडी टो करून आली असेल तर तसा उल्लेख हवाच. स्कॅनरवर आलेले एरर कोड पुसले जाण्याआधी त्यांची प्रिंट किंवा फोटो मागा. वॉरंटीत बदललेला भाग सहसा कंपनीकडे परत जातो आणि त्याच्यासोबत पुरावाही जातो. तो जायच्या आत त्याचे आणि त्यावरच्या नंबराचे फोटो काढा. गाडी ताब्यात घेताना पुढे सरकवलेल्या 'समाधानी आहे' या कागदावर 'तक्रार कायम, तपासणीच्या अधीन राहून ताबा घेतला' असं लिहा. तोंडी आश्वासनाला त्याच रात्री ईमेलने दुजोरा मागा. प्रत्येक ईमेल डीलरबरोबर उत्पादक कंपनीलाही पाठवा. गोव्यातल्या आंतोनियो पावलो वाझ यांच्या प्रकरणात २०११ ची म्हणून २००९ ची, वापरलेली गाडी विकली गेली. तरी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही, कारण डीलर हा स्वतंत्र व्यापारी आणि त्याने काय केलं हे कंपनीला माहीत असल्याचं सिद्ध झालं नाही. 'आम्हाला ठाऊक नव्हतं' ही पळवाट पहिल्याच दिवशी बुजवा. रागाच्या भरात हप्ते बंद करू नका. बँकेला तुमच्या गिअरबॉक्सशी घेणंदेणं नसतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा शेवटचा आक्षेप, आणि तो निराधार नाही. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी, असं कायदा म्हणतो. पण मर्सिडीजमधल्या उष्णतेबद्दलच्या तक्रारीवरचं २००८ सालचं अपील सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं ते जुलै २०२४ मध्ये. तरीही जाणं मला योग्य वाटतं. ५० लाखांपर्यंतच्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगात करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. 'पुढच्या अपडेटमध्ये जाईल' ऐकत बसलात तर तीही सरते. गाडी प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि ती मागणी अर्जातच करा. स्वतः तज्ज्ञ शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला, कारण तोवर माणसं गप्प बसली नव्हती. आता मागायचं ते एवढंच, की पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष कंपनीचाच धरला जावा आणि नसेल तर तिने तो नाकारून दाखवावा. ते होईपर्यंत वर्कशॉपमधून निघताना गाडीची किल्ली घेण्याआधी जॉबकार्डाची प्रत हातात घ्या.