क्षमेची घाई नको

माझा धाकटा भाऊ एका दारू प्यायलेल्या माणसाच्या गाडीखाली गेला. नंतरच्या वर्षांत क्षमेविषयी जे उमगलं, ते लिहिते आहे.

१. क्षमा केली म्हणून खटला मागे घ्यावा लागत नाही. हे मला ग्लॅडिस स्टेन्स यांच्याकडे पाहून कळलं. त्यांचे पती ग्रॅहम १९६५ पासून ओडिशात बारीपद्याला कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावात ते आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, रात्री गाडीत झोपले असताना जमावाने गाडी पेटवली. तिघेही गेले. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. खटला मात्र चालला. मुख्य आरोपी दारासिंगला २००३ मध्ये फाशी सुनावली गेली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. आम्हीही भावाच्या खटल्यात साक्ष दिली. मनात सूड नसतानाही खरी साक्ष देता येते.

२. ज्याचं माणूस गेलं, त्याला क्षमा करायला इतरांनी सांगू नये. दफनविधीहून परतल्यावर मंडळीतले एक वडीलधारे आईला म्हणाले, "बाई, आता माफ करून मोकळ्या व्हा, प्रभूला तेच आवडेल." आईने नुसती मान खाली घातली. मला त्या बोलण्याचा आजही राग येतो. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. मग आईला रडायला चार दिवस का मिळू नयेत? आमचे पाळक तेवढे काही न बोलता तिच्याजवळ बसून राहिले. तिला आठवतं ते त्यांचं बसणं.

३. एका घावाची क्षमा पुन्हापुन्हा करावी लागते. किती वेळा क्षमा करू, या पेत्राच्या प्रश्नाला येशूने दिलेलं साताच्या सत्तर पटींचं उत्तर मी लहानपणी वेगवेगळ्या अपराधांचा हिशेब समजायचे. आता भावाचा वाढदिवस येतो, नाताळ येतो, कोर्टाची तारीख येते आणि तोच एक अपराध पुन्हा समोर उभा राहतो. प्रभूच्या प्रार्थनेतल्या क्षमेच्या ओळीला मी कित्येक रविवार गप्प राहिले आहे.

४. प्रत्येकाची क्षमा सारखी नसते. सिस्टर राणी मारिया यांचा १९९५ मध्ये मध्य प्रदेशात खून झाला. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. ग्लॅडिसबाई २००४ पर्यंत बारीपद्याला कुष्ठरुग्णांपाशी राहिल्या. दोघींपुढे मी नतमस्तक आहे. मी मात्र त्या चालकाला भेटलेले नाही, भेटावंसंही वाटत नाही. त्याचं वाईट व्हावं, ही इच्छा तेवढी गेली आहे. माझ्यापुरती तीही क्षमाच आहे.

५. तुमच्या मंडळीत कुणाच्या घरी असं दुःख आलं, तर क्षमेचा विषय तुम्ही काढू नका. डबा घेऊन जा. कोर्टाच्या तारखेला सोबत जा.